सतरा मेल आणि माझे अडीच गुण

दिनांक २९ जुलै, मंगळवार. हातातलं काम: तीन महिन्यांपूर्वीच्या नोंदी पुसणे.

हे महिनाअखेरीचं काम. मेल सर्व्हरवर जो जो मेल येतो त्याची एकेक ओळ सर्व्हर लिहून ठेवतो. कुणाकडून आला, कुणासाठी आला, किती वाजता आला आणि पुढे त्याचं काय केलं. मूळ मेल त्यात नसतो, फक्त ही ओळ. रोजच्या हजारो ओळी साठतात, जागा खातात, म्हणून तीन महिने ठेवायच्या आणि मग पुसायच्या असा आमचा रिवाज. एक आज्ञा टाइप करायची आणि एंटर दाबायचं. डोकं लागत नाही म्हणून मी हे काम जेवणानंतर करायचे.

त्या मंगळवारी आज्ञा टाइप केली आणि एंटरवर बोट ठेवून बसून राहिले.

या अंकाच्या संपादिकाबाईंनी माझ्याकडे 'तुमच्या क्षेत्रातले गमतीदार अनुभव' मागितले होते. गमती आहेत, त्या आधी सांगून टाकते. पण मी लिहायला बसले ती गमतींसाठी नाही.

एकवीस वर्षं मी दुसऱ्यांचे मेल सांभाळले. अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. मालक निमेशभाई, मी, आणि येऊन-जाऊन असणारी दोन-तीन माणसं. ज्या लहान कंपन्यांना मेल सांभाळायला स्वतःचा माणूस ठेवणं परवडत नाही त्या आमच्याकडे यायच्या. घाटकोपरचे एक कापडवाले शेठ, मुलुंडचं एक विवाह मंडळ, बोरिवलीच्या दोन शाळा, चारकोपची एक सल्लागार कंपनी, असे पन्नासेक क्लायंट. भांडुपला आमच्या सोसायटीतल्या बायका विचारायच्या, "म्हणजे तू लोकांचे मेल वाचतेस?" मी म्हणायचे, "वाचत बसले तर काम कधी करू?" हे उत्तर मला तेव्हा फार हुशारीचं वाटायचं.

माझं मुख्य काम म्हणजे नको असलेला मेल अडवणं. लॉटरी लागली, खातं बंद होणार, केस उगवतील, असले मेल. लोकांना वाटतं, कॉम्प्युटरला ते कळतात. त्याला काही कळत नाही. तो गुण देतो. आपल्याकडे स्थळ बघतात तसं. मुलगा जरा बुटका आहे, चालेल. नोकरी कच्ची आहे, बघू. पत्रिकेत मंगळ आहे, हल्ली कोण मानतं? एकेक गोष्ट खपून जाते. तिन्ही एकाच मुलात निघाल्या की मुलीचे वडील चहाचा कप खाली ठेवतात आणि 'कळवतो' म्हणतात. मेलचं तेच. फक्त इथे गुण जितके जास्त तितकं स्थळ वाईट. विषयाच्या ओळीत उद्गारचिन्हांची रांग असेल तर अर्धा-पाऊण गुण. मजकूर थोडा आणि चित्रं फार, जवळजवळ एक. तोच मजकूर पुन्हा पुन्हा आला तर आणखी एक-सव्वा. बेरीज पाचच्या वर गेली की मेल आत जात नाही, अडवलेल्यांच्या पेटीत पडतो. तिथे तीस दिवस राहतो आणि मग आपोआप नाहीसा होतो. पाठवणाऱ्याला काही कळत नाही. ज्याला पाठवला त्यालाही नाही.

यंत्र चुकतं हे धरूनच माणूस ठेवलेला असतो. दर शुक्रवारी त्या पेटीवरून नजर फिरवायची, चुकून अडकलेले मेल सोडवायचे आणि तपासणीच्या तक्त्यावर सही करायची. तो माणूस मी.

चुका व्हायच्या, त्यांची मजाही यायची. विवाह मंडळ चालवणाऱ्या काकांचा एकदा फोन आला.

"वैशालीबाई, पंधरा दिवस झाले, एकही मुलगी आली नाही हो!"

"काका, चाळीस मुली माझ्याकडे अडकल्यात."

"तुमच्याकडे? तिथे काय करतायत त्या?"

"सगळ्यांनी स्वतःला ब्युटिफुल म्हटलंय, अर्जंट म्हटलंय आणि फोटो जोडलाय. यंत्राला वाटलं, फसवणूक आहे."

काका म्हणाले, "काही बाबतीत चुकलं नाही हो त्याचं. पण सोडा, सोडा सगळ्यांना."

घाटकोपरचे शेठ तर कायम मोठ्या इंग्रजी अक्षरांत, लाल रंगात लिहायचे. मेल येत नाहीत अशी तक्रार त्यांनी एकदा मेलनेच केली आणि तो मेलही अडकला. शेवटी स्वतः जिना चढून आले. मी त्यांच्यासमोर त्यांचा मेल पेटीतून काढून दाखवला. "बेन, मी ओरडलो तर तुमच्या मशीनला राग येते?" असं विचारून ते मनापासून हसले. जाताना आम्हा सगळ्यांना दिवाळीला एकेक साडी कबूल करून गेले आणि दिलीही.

याच शेठच्या मेलवर काही वर्षांपूर्वी परदेशी लिपीतल्या मेलचा भडिमार सुरू झाला. चिनी, रशियन, आणखी कसली कसली अक्षरं. शेठ वैतागले. "रोज सकाळी शंभर मेल, एक अक्षर समजत नाय. बंद करून टाका ना, बेन!" मी पाच मिनिटांत एक नियम लिहिला. विषयाची ओळ इंग्रजीच्या रोमन अक्षरांत नसेल तर अडीच गुण. तो एकट्या शेठना लावायचा सोडून सगळ्याच क्लायंटना लावला, म्हणजे पुन्हा कटकट नको.

निमेशभाई माझ्या खुर्चीमागे उभे होते. ते मराठी बोलतात, पण घरी गुजराती. त्यांनी विचारलं, "वैशाली, यात आपलं मराठी-गुजराती पण येणार ना?"

"येणार. पण आपल्या क्लायंटना मराठीत मेल करतंय कोण?"

ते हसले. मीही हसले.

माझे वडील गिरणीत होते. भांडुपच्या मराठी शाळेत मी दहावीपर्यंत शिकले. देवनागरीला त्या नियमातून वगळायचं तर आणखी एक ओळ लिहावी लागली असती आणि ती कशी लिहायची हे मला येत होतं. लिहिली नाही, कारण मराठीत कुणी महत्त्वाचं काही लिहील असं मला वाटलंच नाही. हे वाक्य या अंकात छापून येताना मला कसं वाटेल ते माहीत आहे. तरी ते तसंच ठेवा, अशी संपादिकाबाईंना विनंती केली आहे.

पुढे काही वर्षं काही घडलं नाही. किंवा घडलं आणि मला दिसलं नाही. आता ते सांगताही येणार नाही, कारण पेट्या तीस दिवसांनी रिकाम्या होत गेल्या.

चारकोपच्या सल्लागार कंपनीकडे एका जुन्या मासळी बाजाराच्या पुनर्बांधणीचं काम आलं. बाजाराचं नाव लिहीत नाही, तिकडच्यांना कळेल. बाजार पाडून दोन मजली होणार होता. आधी तिथे बसणाऱ्यांची यादी करायची होती आणि ते काम या कंपनीचं. तिने सूचना लावली: आपल्या जागेचा दावा तीस एप्रिलपर्यंत फक्त ईमेलने पाठवावा. जिचा दावा वेळेत येईल तिला तळमजल्यावर, पूर्वीच्या क्रमाने जागा. बाकीच्यांसाठी पहिल्या मजल्यावरच्या जागांच्या चिठ्ठ्या टाकणार. पापलेट घ्यायला जिना चढून वर कोण जातं ते प्रत्येक मासे खाणाऱ्याला ठाऊक आहे.

त्या बाजारातल्या बहुतेक जागा कोळणींच्या. जागा सासूकडून सुनेकडे येते. सासूचे गुडघे गेले की एका सकाळी सून तिच्या पाटावर बसते, शेजारणी बघतात आणि झालं. कागद कधी केलेला नसतो. गिऱ्हाईकही जागा बघून येतं, नाव विचारून नाही. अशा सतरा जणींनी ठरवलं की कुणी पुढे-मागे जायचं नाही. पुढे गेली ती स्वतःपुरती गेली असं होतं आणि बाजारात कायमचा वाकडेपणा येतो. सगळ्यांचा अर्ज एकाच दिवशी, एकाच मजकुराचा, एकाच ठिकाणाहून जाईल. बाजारासमोर नंदाताईंचं झेरॉक्सचं दुकान आहे. नंदाताईंनी एक अर्ज टाइप केला. प्रत्येकीचं नाव आणि जागेचा नंबर तेवढा बदलला, रेशनकार्डाचे आणि सासूच्या नावच्या बाजाराच्या जुन्या पासाचे फोटो जोडले. विषय लिहिला: 'मासळी बाजार, आमच्या जागेचा हक्क!!!' बावीस एप्रिलला दुपारी चाळीस मिनिटांत दुकानाच्या पत्त्यावरून सतरा मेल गेले. मोर्चा काढावा तसे.

एकत्र गेलं की वजन पडतं, हे त्यांचं शहाणपण. ते आजवर प्रत्येक ठिकाणी खरं ठरलं होतं. माझ्या यंत्रात मात्र एकसारखे सतरा म्हणजे घाऊक कचरा. मजकूर तोच, १.२. फोटो फार, ०.९. उद्गारचिन्हं, ०.६. बेरीज २.७. एवढ्यावर सगळे मेल आरामात आत गेले असते. त्यात माझे अडीच मिळवले की ५.२. सतराही अडवले गेले.

पंचवीस एप्रिलला शुक्रवार होता. मी पेटी उघडली. ती यादी मला दिसली, हे स्पष्ट सांगते. एकाखाली एक सतरा ओळी, एकाच पत्त्यावरून, मराठीत. मला मराठी वाचता येतं. मी ती ओळ वाचली नाही, सारख्या ओळी मोजल्या, घाऊक माल म्हटलं आणि तक्त्यावर सही केली. त्या दिवशी घरी कुणी आजारी नव्हतं, मला कुठे जायची घाई नव्हती. सबब शोधून पाहिली आहे. सापडली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कंपनीकडून विचारणा आली. काही बायका म्हणतात की त्यांनी दावे पाठवले होते; ते आपल्या इनबॉक्समध्ये आले होते का, लेखी कळवा. मी नोंदी उघडल्या. दोन मिनिटांत सतरा ओळी समोर. तारीख बावीस एप्रिल, पुढे गुण ५.२, पुढे 'अडवला'. मूळ मेल तीस दिवस भरून, बावीस मे रोजीच पेटीतून गेले होते. मी निमेशभाईंना हाक मारली.

"किती?"

"सतरा."

"परत काढता येतात?"

"मेल गेले. ओळी आहेत फक्त."

"यार, वाट लागली." ते माझ्या स्क्रीनवर वाकले. "त्यांनी नक्की काय विचारलंय?"

"इनबॉक्समध्ये आले का."

"मग? आले इनबॉक्समध्ये?"

"नाही."

"मग तेवढंच लिही ना, वैशाली. विचारलं तेवढं सांगायचं."

मी लिहिलं, 'सदर मेल इनबॉक्समध्ये प्राप्त झालेले नाहीत.' प्रत्येक शब्द खरा होता. इतकं नीटनेटकं खोटं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. निमेशभाईंवर ढकलत नाही. त्यांनी सुचवलं, टाइप मी केलं आणि खाली नाव माझं.

पंधरा दिवसांनी दुपारी दोन बायका जिना चढून आल्या. पुढची साठीच्या आसपासची, हिराबाई. मागची तिची नणंद रंजना, पन्नाशीची. कंपनीने सगळ्यांना पाठवलेल्या नकारपत्रात माझं वाक्य जसंच्या तसं होतं आणि आमच्या ऑफिसचा पत्ताही. हिराबाईंच्या हातात ते पत्र होतं, आणि नंदाताईंच्या दुकानातून छापून आणलेलं, मेल गेल्याचं पान.

"तूच का गो ती मेलवाली?"

"हो. बसा ना मावशी."

"बसाया नाय आलो. आमचा अर्ज आला नाय असा तूच लिवून दिलास?" त्यांनी छापील पान टेबलावर ठेवलं. "मंग ह्या काय हाय?"

पानावर इंग्रजीत 'सेंट' लिहिलं होतं. मी ते पाहिलं आणि ठेवणीतलं उत्तर दिलं. "सेंट म्हणजे पाठवला. पाठवला म्हणजे पोचला असं नसतं."

"बरा. मंग पोचला का नाय, त्या तुना कसा कळला?"

एकवीस वर्षांत कुठल्याही क्लायंटने मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

"सिस्टममध्ये दिसतं."

"मंग बघ ना."

"बघितलंय."

"काय दिसला?"

मी म्हटलं, "आम्ही कंपनीला लेखी कळवलंय, मावशी. तुम्ही त्यांच्याशीच बोला."

हिराबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मासे घेताना आपण कल्ला उचलून बघतो, तसं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तू कुठली गो?"

"भांडुप."

"गाव?"

"देवगडकडचं."

"म्हंजे मासेखाऊच." त्या पत्राची घडी घालायला लागल्या. "माजी सासू त्या जागेवर चाळीस वर्सं बसली. मी सव्वीस. तीस जुलैला शेवटची सुनावनी हाय. त्यानंतर चिठ्ठ्या. मना दुसरा काय नको, अर्ज आलता एवढा एक कागद दे."

"माझ्या हातात नाही ते."

 रंजना जिन्याकडे वळली. "चल गो वयनी. ही पन त्यांचीच."

त्या गेल्या. निमेशभाई आतून म्हणाले, "चांगलं सांभाळलंस." मला त्या शब्दांचा राग यायला हवा होता. आला नाही. सुटल्यासारखं वाटलं.

त्या दिवशी निदान नियम तरी काढून टाकायचा. तोही काढला नाही. सर्व्हरवर कुठलाही बदल केला की तारीख आणि नाव नोंदलं जातं. जूनमध्येच का बदललं, असं कुणी विचारलं असतं. म्हणून तो नियम आणखी सहा आठवडे तसाच चालू ठेवला. या सहा आठवड्यांत बोरिवलीच्या एका शाळेला एका आजोबांनी नातवाच्या दाखल्यासाठी पाठवलेला मराठी मेल पेटीत मिळाला. तो मी हाताने सोडवला, आणि नियम तसाच. आता मी दर शुक्रवारी डोळे फाडून यादी बघत होते. चूक सुधारण्यापेक्षा ती दिसू न देण्याचे कष्ट मी जास्त घेतले.

तर २९ जुलै. टाइप केलेली आज्ञा म्हणत होती: २९ एप्रिलच्या आधीच्या सगळ्या ओळी पुसा. बावीस एप्रिल त्यात आलंच. सुनावणी दुसऱ्या दिवशी अकराला. एंटर दाबलं असतं तर माझ्यावर बोट ठेवायला कुणालाही जागा उरली नसती. मी काही नष्ट केलं असंही म्हणता आलं नसतं. महिनाअखेर होती, रिवाज होता, दर महिन्याला करते तेच केलं.

मला काही साक्षात्कार झाला नाही. मी व्यवहाराचाच विचार करत होते. उद्या कुणी नोंदी मागितल्या तर काय उत्तर द्यायचं, हे मनात जुळवत होते. जुळवता जुळवता लक्षात आलं की कुणी मागणारच नाही. अशा ओळी असतात हे त्या सतरा जणींना माहीत नव्हतं, नंदाताईंना नव्हतं, कंपनीतल्याही कुणाला नव्हतं. माहीत होतं ते मला आणि निमेशभाईंना. पकडलं जायची भीती उरली नाही, तेव्हा मी काय करत होते ते मला उघडं दिसलं. बोट उचललं. आज्ञा एकेक अक्षर मागे घेत पुसली.

मग त्या सतरा ओळी वेगळ्या काढल्या, प्रिंटरला दिल्या आणि शेजारी कोरं पान उघडून निवेदन लिहायला घेतलं. मराठीत. मी ऑफिसात मराठी टाइप करत नसे, जोडाक्षरं शोधत होते. निमेशभाई प्रिंटरपाशी आले, कागद उचलून बघितला आणि दार लावून घेतलं.

"हे कशाला?"

"उद्याच्या सुनावणीसाठी."

"क्लायंटचं लॉग बाहेर द्यायचं नाय. तूच सगळ्यांना शिकवतेस."

"बाहेर नाही देत. क्लायंटच्याच टेबलावर ठेवणार. फक्त त्या बायका समोर असताना."

"क्लायंट जाईल, वैशाली."

"जाईल."

"तू पण जाशील."

"ते धरूनच लिहितेय."

ते खुर्ची ओढून बसले. चिडलेले नव्हते, दमल्यासारखे दिसत होते. "पण मग आत्ता कशाला, यार? दोन महिने गप्प होतीस ना? तेव्हा सांगितलं असतं तर मोठेपणा तरी होता."

"बरोबर आहे तुमचं. दोन महिने गप्प होते, तेही लिहिलंय यात."

त्यांनी निवेदन वाचलं. "माझं नाव नाय टाकलंस?"

"सही माझी होती."

त्यानंतर मी तो नियम काढला. बदलाचं कारण लिहायच्या चौकोनात लिहिलं, 'या नियमामुळे मराठी मेल अडत होते.' सगळं मिळून मिनिटभर लागलं.

पुढचं थोडक्यात. ती कंपनी आमच्याकडून गेली. महिन्याभराने मीही गेले. निमेशभाईंनी काढलं म्हणण्यापेक्षा आम्हाला एकमेकांसमोर बसणं जमेना. बाजाराच्या यादीचा निकाल हे लिहीपर्यंत लागलेला नाही. माझं निवेदन ग्राह्य धरायचं की नाही यावर कंपनीकडे पत्रापत्री चालू आहे, असं कानावर आहे. ओळखीचे लोक म्हणतात, तू शेवटी खरं बोललीस, ते काय कमी आहे? कमी आहे. शेवटी बोलायची वेळ कुणी आणली, ते मला माहीत आहे.

तीस जुलैला सकाळी साडेदहाला मी चारकोपला पोचले. कंपनीच्या ऑफिसबाहेर जिन्यात सतराच्या सतरा बसल्या होत्या. मासेमारी बंदीचे दिवस, बाजारात तसाही ताजा माल कमी, त्यामुळे सगळ्यांना येता आलं होतं. मला बघून रंजनाने शेजारणीला कोपराने ढोसलं.

"आली बघ. आज काय नवीन लिवून आनलंय?"

मी हिराबाईंपाशी गेले आणि निवेदनाची एक प्रत त्यांच्या हातात दिली. "हे आत देणार आहे. आधी तुम्ही वाचा."

त्यांनी चष्मा लावला, ओळींखाली बोट धरून सावकाश वाचायला लागल्या. बाकीच्या उठून त्यांच्या खांद्यावरून वाकल्या. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

"ह्या सगळा तुना जूनमधे म्हायती होता?"

"हो."

"मी तुज्या टेबलापुढं हुबी व्हते तवा?"

"हो, मावशी."

"मावशी नको बोलू."

मी मान हलवली. त्यांनी कागद मला परत दिला नाही, कनवटीला लावला. आतून शिपाई नाव पुकारत आला, तेव्हा त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, "चल, म्होरं हो. आमी बोलून बोलून दमलो, आमचा कोन ऐकत नाय. आता तू बोल."

आत लांब टेबल होतं. टेबलामागे तिघे जण. मधल्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, आपण कुणाच्या वतीने?"

"कुणाच्याच नाही. मेल मी अडवले होते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्यामागे सतरा जणी भिंतीला लागून उभ्या राहिल्या. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण मला बस असं कुणी म्हटलं नाही. मी नोंदींची पानं टेबलावर ठेवली आणि निवेदन उभ्यानेच वाचायला सुरुवात केली.

"हे सतराही अर्ज मुदतीच्या आठ दिवस आधी पोचले होते."